रेशमी पट्ट्याची मशीन

सुलभा फडणीस, म्हणजे आपली सुलू, हिला स्वस्थ बसणं या जन्मात जमलं नाही. देवासला माहेरी होती तेव्हा बापाचं गजराचं घड्याळ, शेजाऱ्यांचा कंदील, मामाच्या सायकलची घंटी, जे हाताला लागेल ते खोलून बसायची. आणि बरं का, परत जोडायचीसुद्धा! फक्त जोडून झाल्यावर एखादा स्क्रू उरायचा, तो ती गुपचूप ओच्यात बांधून ठेवायची. उज्जैनच्या फडणिसांकडची मंडळी तिला बघायला गेली तेव्हा गाणं म्हणायला सांगितलं. पेटीचा एक सूर अडकलेला, भाता हलवला की आपला नुसता रडतोय. दुसरी मुलगी असती तर खाली मान घालून बसली असती. हिने अंबाड्यातला आकडा काढला, पेटी उघडली आणि पाहुण्यांच्या देखत त्या सुराचा कान पिळला. वडील घामाघूम. पण नवरा मुलगा श्रीधर गालातल्या गालात हसत होता, आणि त्याची आई, माई, पोह्यांची बशी खाली ठेवून मान उंच करून बघत होती. पेटी वाजली. गाणं काही सुलूला धड येत नव्हतं, पण ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

फडणिसांचं घर रामघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत. सासरे अण्णा ग्वाल्हेर दरबारच्या कचेरीतून निवृत्त झालेले, श्रीधर मध्यभारत सरकारच्या शिक्षण खात्यात कारकून. आणि घराच्या कोठीत उभी होती ती मशीन. मराठीत ‘ते मशीन’ म्हणत असतील तर म्हणोत. उज्जैनात मशीन ही ‘ती’च असते.

तिची कथा अशी. देश स्वतंत्र झाला आणि इथल्या एका कापडगिरणीतला इंजिनीयर साहेब गाशा गुंडाळून विलायतेला गेला. त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. अण्णा गेले होते आरामखुर्ची आणायला आणि आले ते हातगाडीवर एकमेकांना जोडलेली दोन पिंपं घालून. पांढरीशुभ्र, झाकणं घट्ट. “गव्हाला उंदीर लागतात म्हणून ओरडत होतीस ना? हे घे,” असं माईंना म्हणाले. तेव्हापासून एका पिंपात गहू आणि दुसऱ्यात ज्वारी. दुसऱ्या पिंपाला आतून भोकंच भोकं होती, ज्वारी त्यातून खाली गळायची. साहेबाला धान्य ठेवायची अक्कल नव्हती, असं ठरवून माईंनी त्यात गोणपाट घातलं आणि विषय संपला.

सुलू लग्न होऊन आली आणि पहिल्याच वेळी गहू काढायला वाकली ती वाकलेलीच राहिली. पिंपाच्या पोटाखाली मोटर होती!

“अहो, ही कपडे धुवायची मशीन आहे! एकात धुवायचे, दुसऱ्यात फिरवून पिळायचे!”

अण्णा वर्तमानपत्रातून बाहेर आले. “मशीन? मग इतकी वर्षं बोलली का नाही?”

तेव्हा घर जे हसत सुटलं ते काही विचारू नका. सुलूने धान्य उपसलं, सवडीसवडीने तारा बदलल्या, तेल घातलं आणि वर्षभराने मशीन घुरघुरायला लागली. धुवायची बरी. पण पिळायचं पिंप? राम राम! महाकाळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या म्हाताऱ्यासारखं हळूहळू फिरायचं. कपडे आत गेले तसेच गळत बाहेर यायचे. माईंनी नाक मुरडलं. “यापेक्षा माझं मनगट बरं. गहू भरा परत.”

गहू भरला गेला नाही, कारण तोवर छप्पन सालचा भाद्रपद तोंडावर आला आणि सुलूला दुसरीच काळजी लागली.

फडणिसांकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. आणि त्यांचा कुळाचार असा, की नैवेद्याचा स्वयंपाक घरातल्या मोठ्या सवाष्णीने करायचा, तोही रेशमात नाही, धाबळीत नाही, तर त्याच दिवशी धुतलेल्या आणि त्याच दिवशी वाळलेल्या सुती लुगड्यात. सोवळ्याचं लुगडं, धुतल्यापासून नेसेपर्यंत कुणी शिवायचं नाही, काठीनेच उंच वलणीवर टाकायचं नि काठीनेच काढायचं. आणि वाळलं नाही तर? तर ओलेत्याने रांधायचं. भाद्रपदात उज्जैनात काय वाळतंय! माई वर्षानुवर्षं अंगावर ओलं लुगडं घेऊन पुरण शिजवत आल्या होत्या. गेल्या वर्षी मात्र त्या ओलेत्याने त्यांच्या छातीत न्यूमोनिया भरला. दिवाळीपर्यंत अंथरुणात होत्या. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, “पुन्हा असं भिजून बसलात तर मला बोलवायला येऊ नका, उपयोग व्हायचा नाही.”

त्या आजारपणात सुलू घरात नवीन होती, घरातला बंद पडलेला पंखा खोलून बसलेली. माईंचं डोकं मांडीवर घेऊन तिने वाफारे दिले होते. बाई तापात बरळायच्या आणि मध्येच डोळे उघडून विचारायच्या, “तुझ्या त्या पंख्याचं काय झालं गं? फिरला का?” पोटच्या पोरीला विचारावं तसं. सुलूचा जीव जडला तो तेव्हा.

“माई, यंदा मी करते ना स्वयंपाक.”

“तू? तुझी पुरणपोळी बघून लक्ष्म्या आल्या पावली परत जातील. पोळी नसते ती, सायकलची ट्यूब असते.”

“मग रेशमी नेसा. देवी काही रागावत नाही.”

माई हसायच्या थांबल्या. “हे बघ सुलू. नोव्हेंबरात नवीन प्रांत होतोय. श्रीधरच्या ऑफिसातले सगळे भोपाळला चाललेत, आज नाही तर उद्या आपलंही बिऱ्हाड हलणार. या घरातल्या लक्ष्म्या कदाचित शेवटच्या. शेवटच्या वर्षी मी कुळाचार मोडू? मेले तरी चालेल.”

“मला नाही चालणार!” सुलू म्हणाली आणि तोंड फिरवून कोठीत निघून गेली.

मशीनसमोर बसून ती रडली. रडताना तिच्या ध्यानात आलं: या मशीनमध्ये लुगडं पिळलं जातं आणि कुणाचा हात लागत नाही! काठीने टाकलं, काठीने काढलं. सोवळ्यासाठी साहेबाने याहून चांगलं काय करून ठेवायचं? फक्त मेली फिरायला हवी.

उत्तर समोरच होतं. तिची शिलाई मशीन. पायाने फिरतं ते मोठं चाक, वर असतं ते छोटं. मोठ्याची एक फेरी झाली की छोटं गरागरा फिरतं. आणि या पिंपाखाली? मोटरला छोटं चाक, पिंपाला मोठं. “उलटं आहे की! अहो, सगळं उलटं आहे!” ती ओरडतच बाहेर आली. श्रीधर दाढी करत होता. त्याने गाल कापून घेतला.

पटनी बाजारात बाबूलाल खराद्याचं, म्हणजे लाकूड कातणाऱ्याचं, दुकान होतं. लाटणी, पोळपाट, पाळण्याचे खांब करायचा. माणूस पैलवानी, पोट असं की खरादासमोर बसला की खराद दिसेना. सुलूने त्याच्याकडून शिसवी लाकडाची दोन चाकं करून घेतली, मोटरला मोठं, पिंपाला छोटं.

“बहूजी, ये तो बहुत तेज भागेगी,” बाबूलाल म्हणाला. “कपड़ा सुखाना है कि उड़ाना है?”

“भैया, सुखाना है. सास का सवाल है.”

“सास का? तो फिर थोड़ा और बड़ा कर देता हूँ.”

मशीन कोठीतून मधल्या चौकालगतच्या पडवीत ओढली, चाकं बसली, जुना पट्टा कापून शिवून चढवला. पहिल्या दिवशी श्रीधरचा ऑफिसचा सदरा टाकला. बटण दाबून पिंपाला काठीने जरासं ढकललं आणि ते जे सुटलं, बाप रे! भोकांत अडकलेली ज्वारी ताडताड भिंतीवर उडाली. सदऱ्याचं एक बटण अण्णांच्या चष्म्याला लागून चहात पडलं. पण सदरा? बाहेर काढला तर जेमतेम दमट. अर्धा तास पंख्याखाली धरला की कडक. श्रीधर तो सदरा घालून बिनबटणाचा चौकात नाचला. अण्णांनी चहातलं बटण चमच्याने काढून टाळी वाजवली. घरातल्या प्रत्येक कापडाची पाळी आली. पलंगपोस, पडदे, अण्णांची कानटोपी. भिजवलेली कानटोपी वाळवून बघायची काय गरज होती ते देव जाणे, पण अण्णांना धीर धरवेना.

माई लांबून बघत होत्या. बघता बघता जवळ आल्या, कमरेवर हात ठेवून खाली वाकल्या. लक्ष्म्या यायच्या आदल्या दिवसाची गोष्ट.

“हा पट्टा कशाचा गं?”

सुलूने जीभ चावली. “चामड्याचा.”

“झालं मग! चामड्यावर फिरवलेलं लुगडं नेसून मी पुरण वाटू होय? ओलेतंच बरं.”

“माई, मध्ये लोखंडाचा पत्रा आहे!”

“पत्र्याने काय होतं? पट्टा फिरतो म्हणून लुगडं फिरतं ना? मग लागलंच की ते.”

आता याला काय म्हणायचं? वाद घालायला जावं तर बाईंचं बोलणं यंत्राच्या हिशेबाने चोख. सुलू खाली बसली. सगळं करून सवरून एका वीतभर चामड्याने घात केला. तिचा चेहरा बघून माईंनाच कसंसं झालं. उठल्या, ट्रंक उघडली आणि श्रीधरच्या मुंजीतलं पीतांबर आणून तिच्या पुढ्यात टाकलं. “रडू नकोस. रेशमाला विटाळ नसतो. याचा कर पट्टा.”

सुलूने त्या पीतांबराच्या पट्ट्या फाडल्या, वेणी घालावी तशी घट्ट गुंफली आणि पट्टा शिवला. घाईत एक गोष्ट राहिली. तो चालवून बघितला नाही.

नैवेद्याचा दिवस उजाडला. बाहेर झड, क्षिप्रेचं पाणी घाटावर चढलेलं, दोन्ही महालक्ष्म्या ओसरीवर मखरात नटून बसलेल्या. माईंनी आंघोळ केली, लुगडं धुतलं आणि काठीवर घालून न्हाणीच्या दारातून सुलूकडे दिलं. स्वतः ओलेत्याने दारामागे उभ्या राहिल्या. “लवकर कर गं. नाहीतर मी अशीच निघते चुलीकडे.” आणि खोकल्या.

तो खोकला ऐकला आणि सुलू मशीनकडे धावली. तिनेही आंघोळ करून ओलेतं नेसलं होतं. लुगडं पिंपात सोडलं, बटण दाबलं. मोटर गुणगुणली. पिंप ढिम्म! रेशीम ते, चाकावरून सुळसुळ घसरत होतं. चामडं धरून ठेवायचं, हे कुठलं धरतंय.

न्हाणीतून खोकला. “निघू का मी?”

“थांबा माई, एकच मिनिट!”

देवाजवळच्या धुपाच्या डबीत राळ होती. सारंगीवाले गजाला लावतात तीच ती. सुलूने बटण बंद करून पट्ट्याला राळ चोळली. थोडी कमी वाटली म्हणून आणखी चोळली. मग म्हणाली, होऊ दे खर्च, आणि डबीच रिकामी केली.

बटण दाबलं मात्र, राळेने रेशमाला असं काही धरलं की सोडायचं नाव नाही! चामडं निदान मधून मधून सटकून दम खायचं. पिंप एकदम भणाणलं, उरलीसुरली ज्वारी गारांसारखी चौकभर उडाली, आणि मशीन हलली. मग उडी मारली. मग चालायला लागली. थडथड थडथड करत ती फरशीवरून निघाली ती थेट ओसरीकडे, महालक्ष्म्यांच्या दिशेने.

“काय वाजतंय गं?” न्हाणीतून आवाज.

“काही नाही माई!”

“अगं आई गं, ही दर्शनाला चालली!” अण्णा ओरडले.

श्रीधर धरायला धावला तशी दाराच्या फटीतून माईंची आरोळी आली, “शिवू नको! पारोसा आहेस तू!” तो जागच्या जागी एका पायावर थिजला. सुलूने काठी घालून वायर ओढली. थोरल्या लक्ष्मीच्या पदरापासून हातभर अंतरावर मशीन थरथरून थांबली. लुगडं अजून अर्धं ओलं होतं.

“कुणीतरी वर बसायला पाहिजे,” सुलू धापा टाकत म्हणाली. “वजन ठेवल्याशिवाय नाही व्हायची.”

न्हाणीतून निकाल आला. “बसा. पण आंघोळ करून ओलेत्याने बसा. सोवळ्यात असाल तर शिवलं तरी चालेल.”

मग काय! अण्णांनी डोक्यावर बादली ओतली, श्रीधरने ओतली, आणि दोघं गळत्या पंच्यांनिशी तयार झाले. विजेला ओला माणूस चालत नाही हे सुलूला ठाऊक होतं, तिने मशीनवर जेवणाचे लाकडी पाट ठेवले आणि बजावलं, “पाटावरच बसायचं, लोखंडाला हात लावाल तर खबरदार!” बापलेक पाठीला पाठ लावून, हात वर करून बसले. बटण दाबलं. मशीन दोघांना घेऊन निघाली.

“वजन कमी पडतंय!”

आणि नेमका त्याच वेळी दारात बाबूलाल. आपली चाकं कशी चालतात ते बघायला आला होता, छत्री मिटत होता. ओल्या पंच्यात पिंपावर बसलेले अण्णा बघून त्याने छत्री परत उघडली. “बाद में आऊँ क्या?”

न्हाणीचं दार किलकिलं झालं. माई विचारत होत्या, “कोण, तो खरादी? चांगला दणकट आहे ना? मग बघताय काय! त्याला म्हणावं, आंघोळ कर नि बस!”

“माई, पण कुळाचार…” अण्णा पुटपुटले.

“आंघोळ केली की माणूस सोवळा. चाकं त्यानेच केलीत ना? बसवा म्हणते ना मी!” आणि पुन्हा खोकला.

बाबूलालने सदरा उतरवला, “जय महाकाल” म्हणत दोन बादल्या अंगावर घेतल्या आणि चढला. तो बसला आणि मशीनचे पाय जमिनीला चिकटले. सुलूने बटण दाबलं. पिंप फिरलं, भणाणलं, शीळ घालायला लागलं; वर तिघं जण दातांवर दात वाजवत थरथरत होते. अण्णांच्या तोंडून आपोआप आरतीसारखं काहीतरी निघत होतं, “सुऽऽलूऽऽ बऽऽसऽऽ आऽऽताऽऽ.” सुलू हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम. “अजून थोडं! बाबूलालभैया, हिलना मत!” “बहूजी, मैं कहाँ हिल रहा हूँ, ये हिला रही है!”

पाणी गळायचं थांबलं. बटण बंद. काठीने लुगडं वर काढलं तर ते हलकं फुललेलं. काठीवरच पंख्यासमोर धरून होतं नव्हतं ते दमटपण घालवलं. सुलूने काठी न्हाणीत सारली आणि दाराला टेकून उभी राहिली. 

माई बाहेर आल्या. कोरडं, कडकडीत लुगडं नेसलेल्या. भाद्रपदात, झडीत, या घरात कधी कुणी बघितलं नव्हतं ते. त्यांनी पदर गालाला लावून बघितला. मग समोर बघितलं. ओळीने उभे चौघं जण, नखशिखान्त भिजलेले, ओठ निळे, केसांत ज्वारीचे दाणे. बाबूलालच्या पोटावरून अजून पाणी ओघळत होतं. आणि सुलू, अंग चोरून कुडकुडत, पण डोळे लकाकत.

“सुकलं का हो माई? खरं सांगा, कुठे ओलं नाही ना लागत?”

 एरवी नैवेद्याच्या दिवशी माईंच्या सावलीलासुद्धा कुणी शिवायचं नाही. पण आज सुलू ओलेत्यात होती, सोवळ्यात होती. माई तरातरा पुढे आल्या आणि त्या चिंब पोरीला त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट छातीशी धरलं. “माझी गं बाय ती,” त्या म्हणाल्या. “माझी गुणाची बाय.”

“माई, लुगडं!” सुलू किंचाळली.

“माई, लुगडं!” अण्णा, श्रीधर सगळेच ओरडले. बाबूलालने तर डोक्याला हात लावला. सोडवून घेतलं तोवर पदरापासून कमरेपर्यंत लुगडं ओलंचिंब झालेलं होतं, आणि त्यावर दोन ज्वारीचे दाणे.

माईंनी एकदा खाली बघितलं. दाणे झटकले आणि न्हाणीकडे वळल्या.

“ओरडताय कशाला एवढे? मशीन आहे ना आपली,” त्या म्हणाल्या. “चढा परत.”